डांबरी रोडवर फोर बाय फोर लावून फिरू नका: गाडी का धरते, कशी ओळखायची आणि कशी सोडवायची

आपल्याकडं आता थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, गुरखा अशा गाड्या बऱ्याच दिसायल्यात, आणि खरं सांगायचं तर मराठवाड्याच्या काळ्या रानात त्या कामाच्याच आहेत. एक चांगला पाऊस पडला की शेतरस्त्याचा असा चिखल होतो की साधी गाडी बांधाजवळच बसते. म्हणून लोक वस्तीवरून निघताना फोर-एच लावतात, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायचा पर्याय, चिखलातून आरामात बाहेर येतात आणि मग डांबरी रोड लागला तरी ती लावायची दांडी तिथंच राहते. पुढं तालुक्याच्या गावापर्यंत, पेट्रोल पंपावर, मोंढ्यातल्या गल्लीत वळताना सगळीकडं फोर-एच चालूच. कोणाला विचारलं तर म्हणतात राहू द्या की, चारही चाकं ओढायलीत तर वाईट काय त्यात. वाईट आहे, डांबरीवर वळताना गाडी धरते म्हणजे ब्रेक लावल्यासारखी अडखळते, आणि खर्चिक पण आहे, म्हणून हे सगळं नीट बसून लिहितोय.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते बघा

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच लागू होत नाही. गाडीत टू-एच (दोनच चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना), फोर-एल (चारही चाकांना, पण हळू आणि जास्त जोरानं) असे पर्याय असतील तर ती पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं गरजेपुरती आपणच जोडायची. थार, जिम्नी, जुनी जिप्सी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, इसुझू व्ही-क्रॉस, हायलक्स आणि आत्ताची फॉर्च्युनर फोर बाय फोर सगळ्या याच जातीच्या. फॉर्च्युनरला दांडीऐवजी फिरवायचा नॉब असतो आणि त्यावर एच-टू, एच-फोर, एल-फोर असं लिहिलेलं असतं, पण अर्थ तोच. हा लेख या गाड्यांसाठी आहे.

एक्सयूव्ही ७०० एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) किंवा डस्टर एडब्ल्यूडी वेगळ्या. त्यात मधे क्लच असतो, गाडी गरज बघून स्वतःच मागच्या चाकांना ताकद देते, ऑटोमध्ये रोडवर चालवायला काहीच अडचण नाही. डस्टरचं लॉक बटण मात्र चिखलापुरतंच.

तिसरी जात फुल-टाइम, जिच्यात पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) मधे पण एक डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच. जुनी प्राडो तशी, पहिल्या पिढीतली ३.० लिटरची फॉर्च्युनर फोर बाय फोर मॅन्युअल पण तशीच. तिच्या दांडीवर एच, एचएल, एलएल असतं. एच मध्ये ती डांबरीवर बिनधास्त चालते, पण एचएल लावलं की मधलं डिफरन्शियल लॉक होतं आणि मग ती आणि थारचं फोर-एच सारखंच. सेकंडहँड फॉर्च्युनर घेणाऱ्यांचा इथं लई गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गाडी धरते म्हणजे आत नेमकं काय होतं

औत वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं आणि आतला जवळपास जागेवर फिरतो, तसंच गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर पडतं. डावं-उजवं हा फरक एक्सलमधलं डिफरन्शियल सांभाळून घेतं, ते प्रत्येक गाडीत असतं. पण वळताना अजून एक फरक पडतो जो बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही, तो म्हणजे पुढच्या एक्सलला मागच्या एक्सलपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. ओल्या मातीवर गाडी गोल फिरवून खाली उतरून बघा, पुढच्या चाकांची खूण बाहेरून जाते आणि मागच्या चाकांची आतून.

आता आकडेच बघू. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २४५० मिमी. समजा तुम्ही यू-टर्न मारला आणि मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येनं फिरला. मागचा एक्सल अर्ध्या वर्तुळात १५.७ मीटर चालला, पुढचा चालला साधारण १७.५ मीटर. फरक पडला पावणेदोन मीटरच्या वर. २५५/६५ आर १८ टायरचा घेर अडीच मीटरला थोडा कमी, म्हणजे पुढच्या चाकांना जवळपास पाऊण फेरा जास्त फिरायचाय. एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) चारच्या आसपास धरला तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला, मागच्यापेक्षा तीनेक फेरे जास्त फिरायचेत, एका यू-टर्नमध्ये.

आणि पार्ट-टाइम गाडीत फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरचा डबा) दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते, दोघांनी सारखेच फेरे फिरायचे, एक सुद्धा कमी-जास्त नाही. मग ते तीन फेरे जायचे कुठं? चिखलात, मुरमाडावर, वाळूत टायर थोडा घसरतो आणि हिशोब तिथंच मिटतो, तुम्हाला फारसं कळत पण नाही. कोरड्या डांबरावर नाहीतर सिमेंटवर टायर रोडला चिकटून असतो, सहजासहजी घसरत नाही, म्हणून तो फरक शाफ्ट, जॉइंट, गिअर, चेन यांच्यात पीळ होऊन साठत जातो. साठत साठत एका पॉइंटला टायर जबरदस्तीनं खरडतो, नाहीतर आतलं काहीतरी तुटतं.

सरळ रोडवर पीळ बसत नाही असं पण समजू नका. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, किंवा हवा कमी-जास्त असेल, तर चारही चाकांचा घेर सारखा राहत नाही. नव्या टायरला ८ मिमी नक्षी आणि जुन्याला ३ मिमी असेल तर कागदावर दर किलोमीटरला बारा मीटरच्या आसपास फरक निघतो, प्रत्यक्षात स्टील बेल्टमुळं तो बराच कमी होतो पण शून्य होत नाही. समृद्धी महामार्गावर जालन्यापासून संभाजीनगरपर्यंत सरळ सिमेंट रोड आहे म्हणून फोर-एच लावून बसलात तर ट्रान्सफर केस सगळा वेळ ताणातच राहणार.

ओळखायचं कसं

सगळ्यात आधी स्टिअरिंग सांगतं. वळताना जड लागतं, आणि सोडल्यावर स्वतःहून नेहमीसारखं सरळ होत नाही. मग पूर्ण स्टिअरिंग तोडून हळू वळलात की गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते, अॅक्सिलरेटर सोडला तर पुढं घरंगळायच्या ऐवजी जागेवर थांबते. टायर चर्र चर्र करतात, कधी कधी पुढचं चाक एकदम उडी मारल्यासारखं सरकतं आणि खालून ठक्क असा आवाज येतो.

पंपावर हे चांगलं बघायला मिळतं, कारण तिथली फरशी एकदम गुळगुळीत आणि वळण आवळ. डिझेल भरून थार वळायलीय, ड्रायव्हर स्टिअरिंग ओढतोय, गाडी हप्त्या-हप्त्यानं पुढं सरकायलीय, पुढच्या टायरचा बाहेरचा कोपरा फरशीवर काळे पट्टे काढायलाय आणि डॅशवर फोर बाय फोरचा हिरवा दिवा लागलेलाय. ड्रायव्हरला वाटतं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी झालं. गॅरेजला जाऊन स्टिअरिंग पंप बदलायच्या आधी एकदा तो दिवा बघा, खरंच सांगतो.

शेवटची खूण म्हणजे दांडी निघत नाही. फोर-एच मधून टू-एच मध्ये ओढली तर हलतच नाही, नाहीतर दांडी टू-एच ला येते पण दिवा लुकलुकत राहतो. याचा अर्थ आतले दात पिळामुळं एकमेकांवर दाबून बसलेत.

धरलेली गाडी सोडवायची पद्धत

पहिलं काम म्हणजे जोर लावायचा नाही. दांडीला लाथ मारणं, दोन्ही हातांनी ओढणं, रेस करून झटका देणं हे सगळं बंद. आतला शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकला तर पूर्ण ट्रान्सफर केस खोलावी लागते.

रोडच्या कडेला सुरक्षित जागा बघा, पार्किंग लाइट लावा, मागं कोणी नाही याची खात्री करा. मग रिव्हर्स टाका आणि ज्या वळणानं आलात त्याच वळणानं हळूहळू मागं जा, ५-१० मीटर पुरतात. पुढं वळताना बसलेला पीळ मागं जाताना उलगडतो, म्हणून वळण तेच पाहिजे. सरळ चालवून गाडी धरली असेल तर सरळच मागं या. गाडी हळू सरकत असतानाच अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, मॅन्युअल असेल तर क्लच दाबा आणि दांडी हलक्या हातानं टू-एच कडं न्या. बऱ्याच वेळा इथंच खट्ट करून निघते, आणि निघाली की गाडी एकदम हलकी झालेली जाणवते.

नाही निघाली तर गाडी साइडपट्टीवर घ्या. आपल्याकडं रोडच्या कडेला मुरूम नाहीतर माती असतेच. चारही चाकं तिथं मिळाली तर उत्तम, नाहीतर एका बाजूची दोन तरी मातीवर येऊ द्या. मग स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं असं करत २०-३० मीटर चला, टायर घसरतील, पीळ निघून जाईल, आणि परत चालत्या गाडीतच दांडी काढा. पावसाळ्यात साइडपट्टीला काळी माती असेल तर आधी उतरून बूट दाबून बघा, नाहीतर पीळ निघेल पण गाडी बसेल.

जॅक लावून एक चाक उचलायचा उपाय पण काही मिस्त्री करतात आणि तो काम करतो, कारण चाक हवेत गेलं की पीळ सुटतो. पण तो सुटताना चाक झटक्यात फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. सपाट जागा, इंजिन बंद, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड, हात चाकापासून लांब आणि गाडीखाली कोणी नाही, एवढं जमत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका, मिस्त्रीला बोलवा.

हबवाल्या, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडायचं-सोडवायचं कुलूप असलेल्या, जुन्या गाड्यांत अजून एक पायरी आहे. ऑटो हब असतील तर बऱ्याच गाड्यांत टू-एच केल्यावर २-३ मीटर सरळ मागं यावं लागतं, तेव्हाच हब सुटतात. जिप्सीसारखे हातानं फिरवायचे हब असतील तर घाबरायचं कारण नाही, हब लॉक असून दांडी टू-एच ला असेल तर डांबरीवर पीळ बसत नाही, फक्त पुढचे शाफ्ट फुकट फिरतात आणि डिझेल-पेट्रोल थोडं जास्त जातं. उलट पावसाळ्यात घरूनच हब लॉक करून टू-एच मध्ये निघणं सोयीचं, चिखल लागला की नुसती दांडी ओढायची, गुडघाभर चिखलात उतरून हब फिरवत बसायची वेळ येत नाही.

मग लावायचं कधी आणि काढायचं कधी

माझा एकच नियम आहे, चाकाखालची जमीन सरकते का? सरकत असेल तर लावा, सरकत नसेल तर काढा. कोरडं डांबर, सिमेंट, पेव्हर ब्लॉक, पंपाची फरशी इथं टू-एच. शेतरस्ता, नदीची वाळू, नाथसागराच्या काठाचा गाळ, पाणी साचलेलं चाकोऱ्यांचं रान इथं फोर-एच, आणि हे आत शिरायच्या आधी लावायचं, गाडी रुतल्यावर नाही. चढ उभा असेल किंवा चिखल खोल असेल तर थांबून फोर-एल. फोर-एच मध्ये गाडीची ताकद वाढते हा समज काढून टाका. गिअरचा रेशो टू-एच इतकाच असतो, फक्त ती ताकद चार चाकांत वाटली जाते. ताकद वाढते ती फोर-एल मध्ये, आणि तिथं वेग मरतो.

अवघड आहे ते मधलं. ऊसाच्या हंगामात आणि पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या टायरला लागून काळी माती डांबरीवर येते, वरून पाऊस पडला की शंभर-दोनशे मीटरचा पट्टा साबण लावल्यासारखा होतो, आणि त्याच्या पुढं लगेच स्वच्छ डांबर. अशा ठिकाणी वेग कमी करून सरळ चालत फोर-एच लावायला हरकत नाही, पण पट्टा संपला की पहिल्या वळणाच्या आत काढायचं. चालत्या गाडीत लावायची वेगमर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी आहे, ती मॅन्युअलमध्ये बघा, मी स्वतः चाळीसच्या वर कधी लावत नाही. आणि चाकं फिरत असताना, म्हणजे मागची जागेवर गरगर फिरायलीत तेव्हा तर अजिबात लावायचं नाही, आधी पाय काढा, चाकं थांबू द्या, मग लावा.

नुसता पावसानं ओला झालेला स्वच्छ डांबरी रोड? त्याला पण पकड बऱ्यापैकी असते, आवळ वळणावर पीळ बसतोच. कन्नडचा घाट घ्या. धुकं, रिमझिम, वळणावर वळणं, लोकांना वाटतं फोर-एच लावलं की सेफ. पण उतरताना काम असतं ब्रेकचं आणि टायरच्या पकडीचं, फोर-एच नं टायरची पकड वाढत नाही, ब्रेकचं अंतर कमी होत नाही, उलट आवळ वळणावर पुढची चाकं ओढली जाऊन गाडी बाहेर सरकायचा धोका. खालचा गिअर, कमी वेग, टू-एच. २०२१ च्या पावसाळ्यात तिथं दरडी कोसळल्या होत्या तसा माती-दगडांचा राडा रोडवर असेल आणि पोलीस गाड्या सोडायलेत, तर तेवढ्या तुकड्यापुरतं फोर-एच. समृद्धीवर धो-धो पावसात पाण्याच्या थरावर टायर तरंगला तर चारही चाकांना ताकद देऊन उपयोग नाही, तिथं वेगच कमी करावा लागतो.

डिफरन्शियल लॉक हा त्याच्या पण पुढचा विषय, गुरखासारख्या गाडीत पुढं-मागं दोन्ही लॉक मिळतात. लॉक लावलं की डावं-उजवं चाक पण एकमेकांना बांधलं जातं. ते फक्त अडकलेल्या जागेपुरतं, सरळ निघण्यापुरतं, निघालात की लगेच काढा. डांबरीवर तर बोटच लावू नका त्याला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आता गावोगावी आहेत आणि त्यांना हा त्रास कारपेक्षा जास्त आहे, कारण ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा मुद्दाम थोडी जोरात फिरवलेली असतात, साधारण १ ते ५ टक्के. रानात त्यामुळं पुढचा एक्सल ओढून नेतो. पण तोच ट्रॅक्टर डांबरीवर पुढचा एक्सल लावून पळवला की सरळ रोडवर सुद्धा पुढचे टायर प्रत्येक फेऱ्याला खरडत जातात. कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे पुढचे टायर जवळ बसून बघा, नक्षीच्या गट्ट्यांची एक कड तिरकी घासलेली दिसते, हात फिरवला तर करवतीसारखी लागते. मागचे टायर चांगले आणि पुढचे संपलेले असं दिसलं की समजायचं दांडी रोडवर पण लावलेलीच असते.

याला एक अपवाद आहे. भरलेली ट्रॉली मागं असताना उभा उतार आला तर पुढचा एक्सल लावल्यानं पुढच्या चाकांकडून पण ब्रेक मिळतो, कारण बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तेवढ्या उतारापुरतं लावा, टायर घासला तर घासू द्या, जिवापेक्षा टायर मोठा नाही. उतार संपला की काढा. आणि टायर बदलताना कंपनीनं दिलेलीच पुढची-मागची साइजची जोडी घ्या, कोणी स्वस्तात दिला म्हणून एक नंबर मोठा टायर टाकला की तो १ ते ५ टक्क्यांचा सगळा हिशोब बिघडतो.

गाडी रोडवर नसताना करायची कामं

फोर बाय फोर वर्षभर न लावणं हे पण चुकीचं. ट्रान्सफर केस, हब, पुढचं डिफरन्शियल यांच्यात ऑइल फिरलं पाहिजे, नाहीतर ऐन पावसाळ्यात हब गंजून बसलेले सापडतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर १०-१५ किलोमीटर फोर-एच मध्ये चालवा. सवय नसेल तर त्याच वेळी मुरमाड मैदानावर एकदा टू-एच मध्ये पूर्ण स्टिअरिंग तोडून फिरा आणि मग फोर-एच मध्ये तसंच फिरा, हाताला जो थोडा फरक जाणवेल तो लक्षात ठेवा, पुढं कधी डांबरीवर विसरलात तर पहिल्याच वळणाला हात सांगेल.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागं करत रहा. हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणं. एकच टायर फुटला म्हणून एकच नवा टाकला तर त्या एक्सलवरचं डिफरन्शियल पण सतत काम करत बसतं, निदान जोडी तरी बदला. नदी-ओढ्यातून पाणी ओलांडलं असेल तर दोन्ही डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल एकदा बघून घ्या, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायला निघालात तर आधीचा मालक ती कशी चालवायचा हे गाडीच सांगते. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा खरवडलेल्या आहेत का बघा. गाडी थोडी पुढं, थोडी मागं अशी हलवा, दर वेळी खालून ठक्क आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) नाहीतर स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या खाचा) ढिले झालेत. खाली वाकून ट्रान्सफर केसच्या पुढच्या आणि मागच्या सीलला ऑइल लागलंय का बघा. मग मालकाला म्हणा चला कच्च्या रस्त्याला, तिथं फोर-एच, फोर-एल दोन्ही लावून बघा आणि दोन्ही वेळेस परत टू-एच ला येऊन दिवा किती वेळात विझतो ते बघा. मातीवर सुद्धा दांडी अडकत असेल किंवा फोर-एच मध्ये सरळ चालताना घरघर येत असेल तर ट्रान्सफर केस खोलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला, आणि मालक कच्च्या रस्त्याला यायलाच तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.